आगीवर स्वार झालेला कप्तान

तोक्योत एक माणूस उभ्या उभ्या पेट घेतो. कुणी काडी ओढलेली नसते, रॉकेल सांडलेलं नसतं, गॅसही गळत नसतो. बघता बघता त्याचा काळा, धगधगता सांगाडा होतो आणि समोर येईल त्याच्या अंगावर तो धावून जातो. घंटा वाजते, बंब निघतो. बंबातून उतरलेल्या जवानांपैकी एक पोरगा तळपायांतून ज्वाळा सोडत थेट आकाशात झेपावतो.

हे ‘फायर फोर्स’चं जग. अत्सुशी ओकुबो यांची ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, सप्टेंबर २०१५ ते फेब्रुवारी २०२२ या काळात चालली आणि तिचे ३४ खंड झाले. डेव्हिड प्रॉडक्शन या स्टुडिओने केलेली तिची अ‍ॅनिमे मालिका जुलै २०१९मध्ये सुरू झाली. एका महाप्रलयात जग जळून गेलं आहे, उरलेली माणसं सूर्याची उपासना करतात आणि कोण कधी पेटेल याचा नेम नाही. जी माणसं पेटून भान हरपतात, त्यांना ‘इन्फर्नल’ म्हणतात. ही पहिली पिढी. दुसऱ्या पिढीतल्यांना स्वतः आग निर्माण करता येत नाही, पण समोरची आग त्यांच्या मुठीत येते. तिसऱ्या पिढीतल्यांना आग पेटवताही येते आणि वळवताही. आकाशात झेपावणारा शिनरा कुसाकाबे याच तिसऱ्या पिढीतला. तो ज्या आठव्या तुकडीत आहे, तिचा कप्तान ओबी मात्र साधा माणूस आहे. अंगात आग नाही, कसलीही सिद्धी नाही. आहे ती फक्त कमावलेली ताकद आणि छाती. इतक्या ज्वाळांमध्ये लेखकाने त्याला कप्तान केलं, हे मला फार आवडतं.

पण या मालिकेने मला खरं गुंतवलं ते त्यांच्या कामाच्या रीतीमुळे. इन्फर्नल म्हणजे काही राक्षस नव्हे, काल-परवापर्यंत कुणाचा तरी बाप किंवा कुणाची तरी बायको असलेला माणूस. त्याला वाचवण्याचा उपाय कुणाकडेच नाही. म्हणून तुकडीसोबत एक जोगीण असते. ती प्रार्थना म्हणते आणि जवान त्या पेटत्या देहाच्या छातीतला गाभा फोडतात. आग विझते, देहाची राख होते. आपल्याकडे माणूस गेला की त्याला अग्नी देतात, जपानमध्येही आज जवळजवळ सगळ्यांचं दहनच होतं. इथे मात्र अग्नी शांत करणं हाच अंत्यविधी आहे. मारामारीच्या मालिकेत प्रत्येक लढाई अशी कुणाच्या तरी अंत्यविधीपाशी येऊन थांबते, हे मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही.

मग कथा आसाकुसाला पोचते. तोक्योचा हा जुना भाग. इथली सातवी तुकडी ना धर्मपीठाला जुमानते, ना सरकारी शिस्तीला. तिचा कप्तान बेनिमारू शिनमोन दुसऱ्या आणि तिसऱ्या अशा दोन्ही पिढ्यांची ताकद बाळगून आहे. आसाकुसात कुणी पेटलं की आख्खी वस्ती रस्त्यावर उतरते, घरांचा चक्काचूर होतो आणि त्या माणसाला जत्रेसारखा गाजावाजा करत निरोप दिला जातो. बेनिमारू तेव्हा झिरमिळ्या लावलेल्या एका पेटत्या काठीवर उभा राहून आकाशातून येतो. पहिल्यांदा पाहताना वाटतं, कल्पनाशक्तीला काही धरबंदच उरलेला नाही.

ती काठी मात्र खरी आहे. तिला मातोई म्हणतात.

तोक्योचं जुनं नाव एदो. अठराव्या शतकात तिथली वस्ती दहा लाखांच्या पुढे गेली होती आणि घरं होती लाकडाची, सरकती दारं कागदाची. हिवाळ्यात वायव्येकडून कोरडा वारा सुटला की एक ठिणगी पुरे. मार्च १६५७च्या मेइरेकी आगीत शहराचा अर्ध्याहून जास्त भाग जळाला आणि मृतांचा आकडा लाखाच्या घरात गेल्याचं सांगतात. एदोच्या किल्ल्याचा मुख्य बुरूज तेव्हा जळाला, तो आजतागायत पुन्हा उभा राहिलेला नाही. या आगीची दंतकथा अशी : एक किमोनो ज्या ज्या मुलीकडे गेला, ती ती मुलगी दगावली. शेवटी एका पुजाऱ्याने मंत्र म्हणत तो आगीत टाकला, वाऱ्याने पेटता किमोनो उचलला आणि देवळाच्या छपरावर नेऊन टाकला. या आगीतल्या बेवारस मृतांसाठी बांधलेलं एको-इन मंदिर आजही तोक्योत आहे. आगीच्या जवानांसोबत प्रार्थना म्हणणारी बाई पाठवायचं ओकुबोंना का सुचलं असेल, याचा मला वाटतं इथेच अंदाज येतो.

त्या आगीच्या पुढच्याच वर्षी शोगुनच्या, म्हणजे लष्करी शासकाच्या, सरकारने आगीसाठी कायमच्या तुकड्या उभ्या केल्या. निसर्गचित्रांसाठी जगभर नावाजलेला हिरोशिगे अशाच एका तुकडीतल्या अधिकाऱ्याच्या घरात जन्मला आणि पोरवयातच वडिलांची ती नोकरी त्याच्याकडे आली. सामान्य लोकांच्या तुकड्यांना आणखी वेळ लागला. नगराधिकारी ओओका तादासुके यांनी १७१८मध्ये त्यांची सुरुवात केली आणि १७२०मध्ये त्यांची ४७ पथकांत फेररचना झाली. पुढे पथकं ४८ झाली.

ही पथकं आग विझवत नसत, घरं पाडत. पाण्याचे हातपंप उशिरा आले आणि त्यांची धारही फार लांब जात नसे. त्यामुळे आगीच्या वाटेवरची घरंच हटवायची, म्हणजे तिला खायला काही उरायचं नाही. एक गडी मातोई घेऊन आगीजवळच्या छपरावर चढायचा आणि ती गरगर फिरवायचा. त्याचा अर्थ असा की आपल्या पथकाची हद्द इथे, आग याच्या पुढे जाऊ द्यायची नाही. खाली बाकीचे लांब दांड्याला घारीच्या चोचीसारखा लोखंडी आकडा लावून खांब, तुळया, भिंती ओढून काढायचे. काम फत्ते होईपर्यंत मातोईवाला छपरावरून उतरायचा नाही.

त्यांच्या अंगरख्यावर तर मी जीव टाकतो. सुती कापडाचे थर एकमेकांवर ठेवून दाट टाके घातलेले, गोधडीइतके जाड. आगीत शिरण्याआधी तो पाण्यात भिजवायचा. बाहेरून साधा, पथकाची खूण असलेला. आतल्या बाजूला मात्र फणा काढल्यागत उसळणारे ड्रॅगन, लाटा, पुराणातले योद्धे. आग आटोक्यात आली की अंगरखा उलटा करून, ती चित्रं मिरवत पथक घरी परतायचं. यातले कितीतरी अंगरखे संग्रहालयांत जपलेले आहेत.

आगीने आग मारायची हीसुद्धा नुसती अ‍ॅनिमेतली जादू नव्हे. वणवा येत असेल तर जंगलातले जवान त्याच्या वाटेवरचं गवत-झुडूप आधीच मुद्दाम पेटवून देतात, वणवा तिथवर येतो आणि उपाशी मरतो. पेटलेल्या तेलविहिरीवर स्फोट करून ज्वाळा उडवून लावतात. त्यातलं वाटेवरचं गवत आधीच जाळणं म्हणजे एदोचे लोक घरं पाडून जे करायचे, तेच.

खऱ्या आगीची सावली या मालिकेवरही पडली. मालिका सुरू झाली त्याच महिन्यात, १८ जुलै २०१९ला, क्योतो अ‍ॅनिमेशन स्टुडिओला एकाने आग लावली. ३६ माणसं गेली, त्यात चित्रं काढणारे कितीतरी कलावंत होते. ‘फायर फोर्स’चा तिसरा भाग त्याच आठवड्यात दाखवायचा होता, तो पुढे ढकलला गेला. त्या आठवड्यात पडद्यावर जळणारी माणसं दाखवायची नाहीत, हा निर्णय मला अगदी रास्त वाटतो.

आसाकुसाचे भाग पाहायला बसाल तेव्हा मोडणाऱ्या घरांकडे नीट पाहा. लोक त्याबद्दल कुरकुर करत नाहीत, आणि त्यालाही इतिहासाचा आधार आहे. नागरिकांच्या पथकांत सुरुवातीला दुकानदार आणि भाडेकरू असायचे. पण उंचावर चढायची आणि लाकडाचे सांधे ओळखायची सवय होती ती इमारतीवर परांच्या बांधणाऱ्या ‘तोबी’ मजुरांना, म्हणून हळूहळू हे काम त्यांच्याकडे गेलं. घर कुठे ओढलं की एका दमात खाली येईल हे त्यांना ठाऊक होतं, कारण घरं उभी करण्यातच त्यांचं आयुष्य जायचं. आग शमली की नव्या घरांच्या परांच्या बांधायला वस्ती पुन्हा त्यांनाच बोलवायची. आजही दर जानेवारीत तोक्योच्या अग्निशामक दलाच्या संचलनात त्या जुन्या पथकांचा वारसा चालवणारे लोक मातोई फिरवतात आणि बांबूच्या उंच शिडीच्या टोकावर कसरती करतात.