प्रसिद्धिपत्रक कोण लिहितो?

ब्लॅक पँथर या नावाशी आपली ओळख जुनी आहे. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, ती त्या नावाचा धागा धरूनच. पण अमेरिकेतील काळ्या माणसांच्या लढ्याचा त्याआधीचा एक टप्पा आपल्या वाचनात फारसा येत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या कार्यालयाशी त्यांचा जो सामना झाला, तो बराचसा कागदावरचा होता. म्हणूनच निवेदने घेऊन कचेऱ्यांच्या पायऱ्या चढणाऱ्या कार्यकर्त्यांनी तो मुद्दाम अभ्यासावा, असे मला वाटते.

आधी यंत्रणा समजून घेऊ. युद्ध आले की अध्यक्षाभोवतीची माणसे वाढतात. रूझवेल्ट यांनी युद्ध दारात येण्यापूर्वीच ती सोय केली होती. अध्यक्षाला मदतनीस हवेत, असा अहवाल १९३७ साली एका समितीने दिला. त्यातून १९३९ मध्ये अध्यक्षांचे स्वतंत्र कार्यकारी कार्यालय निघाले व सहा साहाय्यक नेमण्याची मुभा मिळाली. या साहाय्यकांना अनाम राहण्याची हौस असावी, अशी समितीची अपेक्षा होती! वृत्तपत्रांचा कारभार स्टीफन अर्ली यांच्या हाती होता. हे गृहस्थ मूळचे दक्षिणेतल्या व्हर्जिनियाचे, वृत्तसंस्थेत बातमीदारी केलेले आणि १९३३ पासून रूझवेल्ट यांच्या पदरी असलेले. पर्ल हार्बरनंतर सेन्सॉरचे कार्यालय आले आणि जून १९४२ मध्ये युद्धमाहिती कार्यालय.

रूझवेल्ट आठवड्यातून साधारण दोनदा बातमीदारांना आपल्या टेबलाभोवती बोलावीत. बारा वर्षांत अशा बैठका हजाराच्या घरात गेल्या. थट्टामस्करी चाले, आतल्या गोष्टी सांगितल्या जात. मात्र अध्यक्षांचे शब्द जसेच्या तसे छापायचे तर परवानगी लागे. या घोळक्यात १९४४ पर्यंत एकही काळा बातमीदार नव्हता. कारण काय दिले जाई? तर प्रवेश फक्त दैनिकांच्या प्रतिनिधींना, आणि काळ्यांची पत्रे बहुतेक साप्ताहिके. नियमात रंगाचा उल्लेख नाही, म्हणजे नियम स्वच्छ! असे स्वच्छ नियम आपल्या वाचकाला नव्याने समजावून सांगायला नकोत.

२७ सप्टेंबर १९४० रोजी तीन काळे नेते रूझवेल्ट यांना भेटले. रेल्वेच्या झोपण्याच्या डब्यांतील हमालांची संघटना बांधणारे ए. फिलिप रँडॉल्फ, वॉल्टर व्हाइट आणि टी. आर्नोल्ड हिल. मागणी साधी होती : सैन्यातला भेदभाव थांबवा. अध्यक्ष गोड बोलले आणि मंडळी आशेने परतली. ९ ऑक्टोबरला व्हाइट हाऊसने प्रसिद्धिपत्रक काढले. काळे व गोरे शिपाई एका पलटणीत मिसळायचे नाहीत, हे धोरण कायम राहील, असे त्यात होते. त्यावर अर्लींनी बातमीदारांचा समज असा करून दिला की या तिघांशी विचारविनिमय करूनच हे ठरले आहे.

या खेळीचा अर्थ नीट पाहावा. मागणी नाकारली गेली, एवढेच घडले नाही. नकारावर मागणाऱ्यांचीच सही उमटवली गेली. तिघांना आपल्याच लोकांसमोर खुलासे करत फिरावे लागले. त्यांनी जाहीर निषेध केला. निवडणूक तोंडावर होती, तेव्हा सारवासारव सुरू झाली. बेंजामिन डेव्हिस हे पहिले काळे ब्रिगेडियर जनरल झाले आणि कायदेपंडित विल्यम हेस्टी यांना युद्धमंत्र्यांचे सल्लागार नेमले. त्याच सुमारास न्यूयॉर्कच्या रेल्वे स्थानकात अर्लींनी एका काळ्या पोलिसाला गुडघ्याने मारले. वृत्तपत्रांत गदारोळ झाला, अर्लींनी माफी मागितली आणि ते पुढेही आपल्या खुर्चीवर राहिले.

रँडॉल्फ यांनी यातून घेतलेला धडा मला मोलाचा वाटतो. नंतरच्या जानेवारीत त्यांनी वॉशिंग्टनवर मोर्चाची हाक दिली. आधी आकडा दहा हजारांचा होता, तो पुढे एक लाखावर गेला. तारीख ठरली १ जुलै १९४१. जगाला लोकशाहीचे धडे देणाऱ्या राजधानीत हा मोर्चा कसा दिसेल, याची धास्ती व्हाइट हाऊसने घेतली. आधी अध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर मध्यस्थीला आल्या. १८ जूनला रूझवेल्ट स्वतः भेटले आणि नेहमीप्रमाणे गप्पांनी सुरुवात केली. रँडॉल्फ गप्पांत रमले नाहीत. या वेळी त्यांना आश्वासन नको होते, हुकूम हवा होता, तोही लेखी. मसुदे त्यांना दाखवले गेले, आणि पुरेसे कडक नाहीत म्हणून ते त्यांनी परत पाठवले. २५ जूनला आदेश क्रमांक ८८०२ निघाला : युद्धसामग्रीच्या कारखान्यांत व केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत वंशभेदाला बंदी, आणि देखरेखीसाठी एक समिती.

मोर्चा मागे घेतला गेला. तरुण कार्यकर्ते रागावले, आणि त्यांचा राग अगदीच अनाठायी नव्हता. समितीच्या हाती शिक्षेचा अधिकार नव्हता व सैन्याला आदेशाने हातही लावला नव्हता. तरीही मी रँडॉल्फ यांच्या बाजूने कौल देईन. १९४० मध्ये कागद अर्लींनी लिहिला होता, १९४१ मध्ये त्यातली वाक्ये चळवळीने बदलून घेतली.

आत नेमलेल्या माणसाचे काय झाले? हेस्टी यांना डावलून निर्णय होत राहिले. हवाई दलातला भेदभाव असह्य होऊन जानेवारी १९४३ मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि त्याची कारणे वृत्तपत्रांतून मांडली. दुसरीकडे युद्धमाहिती कार्यालयाने काळ्या प्रजेला युद्धाचे महत्त्व पटवणारी पुस्तिका पंचवीस लाख प्रतींत छापली. तिचा लेखक चँडलर ओवेन हा रँडॉल्फ यांचा जुना सहकारी. दोघांनी १९१७ साली मिळून मासिक काढले होते. जून १९४३ मध्ये डेट्रॉइटच्या दंगलीत ३४ माणसे मेली, त्यांतली २५ काळी. रेडिओवरून घराघरांत बोलणाऱ्या अध्यक्षांनी त्यावर राष्ट्राला उद्देशून भाषण केले नाही. सैन्यातील भेदभाव संपवणारा आदेश निघाला तो १९४८ साली, ट्रूमन यांच्या सहीने. त्याआधीही रँडॉल्फ यांना लष्करभरतीवर बहिष्काराचा इशारा द्यावा लागला होता.

बातमीदारांच्या खोलीचे दार ८ फेब्रुवारी १९४४ रोजी उघडले. हॅरी मॅकॲल्पिन हे पहिले काळे बातमीदार आत गेले आणि रूझवेल्ट यांनी त्यांच्याशी हस्तांदोलन केले. पण तिथल्या बातमीदारांच्या संघटनेने त्यांना सभासद करून घेतले नाही. त्या संघटनेने त्यांच्या नावाने शिष्यवृत्ती ठेवली ती २०१४ साली. मॅकॲल्पिन १९८५ मध्येच वारले होते.