बाजारात विकली जाणारी भागीदारी : कायद्यातील आणि करातील अर्थ



व्यावहारिक मराठीच्या अभ्यासात अर्थव्यवहाराची परिभाषा वाचताना एक अडचण वारंवार जाणवते. 'भाग' या एकाच शब्दापासून भागीदार, भागधारक, समभाग, भागभांडवल असे अनेक शब्द तयार झाले आहेत. ते एकाच कुळातले असल्यामुळे त्यांचे अर्थही जवळजवळ सारखेच असावेत, असा समज सहज होतो. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत तर 'भाग' म्हटले की आधी वाहनाचा सुटा भागच डोळ्यांपुढे येतो! प्रस्तुत घटकात आपण 'सार्वजनिकरीत्या व्यवहार होणारी भागीदारी' ही संज्ञा समजून घेणार आहोत. ती अमेरिकेच्या करकायद्यातील आहे. मराठीत ती बोजड वाटते, पण खरी अडचण बोजडपणाची नाही. भारतीय कायद्याच्या दृष्टीने या संज्ञेतील 'भागीदारी' आणि 'सार्वजनिक व्यवहार' या दोन गोष्टी एकत्र नांदूच शकत नाहीत. त्या का नांदू शकत नाहीत हे कळले, की भागीदार आणि भागधारक यांतील अंतरही कळते.

भागीदार म्हणजे कोण?

भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२ याच्या कलम ४ नुसार, सर्वांनी मिळून किंवा सर्वांच्या वतीने एकाने चालविलेल्या व्यवसायाचा नफा वाटून घेण्याचा करार ज्या व्यक्तींमध्ये झाला आहे, त्यांच्यातील संबंध म्हणजे भागीदारी. या व्याख्येतील 'सर्वांच्या वतीने एकाने' हे शब्द नीट लक्षात ठेवा. नफ्याची वाटणी तर पुष्कळ ठिकाणी असते. परंतु एकाच्या कृतीने बाकीचे बांधले जाणे, हे भागीदारीचे मर्म आहे.

एक कल्पित उदाहरण घेऊ. भोसरीत तीन भागीदारांची एक पेढी आहे. पहिला भागीदार सीएनसी यंत्रांचे काम पाहतो, दुसरा चाकणच्या वाहन कारखान्यांना माल पुरवणाऱ्या मोठ्या उद्योगांकडून कामे मिळवतो आणि तिसऱ्याने शेडसाठी पैसे घातले आहेत. तिसरा महिन्यातून एखाद्या वेळीच तिकडे फिरकतो. दुसऱ्याने पेढीच्या नावाने २० लाख रुपयांचे पोलाद उधारीवर घेतले आणि देणे थकले. आता पोलादविक्रेता संपूर्ण २० लाखांचा दावा एकट्या तिसऱ्या भागीदारावरही लावू शकतो आणि त्याच्या निगडीतील राहत्या घरापर्यंत पोहोचू शकतो. 'मी तर फक्त पैसे घातले होते' हा बचाव चालत नाही. कलम २५ नुसार प्रत्येक भागीदार इतरांसह संयुक्तपणे आणि स्वतंत्रपणेही जबाबदार असतो. त्याने पुढे इतर दोघांकडून त्यांचा वाटा मागावा. तो त्यांच्या आपसातला प्रश्न होय.

जिथे दुसऱ्याच्या सहीने आपले घर पणाला लागते, तिथे तो दुसरा कोण असावा हे ठरविण्याचा अधिकार आपल्याकडे असलाच पाहिजे. कायद्यातील पुढील तरतुदी यातूनच येतात. सर्वांच्या संमतीशिवाय नवा भागीदार घेता येत नाही. एखाद्याने आपला हिस्सा परस्पर विकला, तर घेणाऱ्याला नफ्यातील वाटा मिळतो. पण तो भागीदार होत नाही, त्याला कारभारात लक्ष घालता येत नाही की हिशेबाच्या वह्या मागता येत नाहीत. वेगळा करार नसेल, तर एका भागीदाराच्या मृत्यूने पेढी विसर्जित होते. भागीदारांच्या संख्येवरही मर्यादा आहे. कंपनी अधिनियम, २०१३ ने ती १०० पर्यंत ठेवण्याची मुभा दिली असली, तरी २०१४ च्या नियमांनी ती ५० वर आणली आहे.

शेअर बाजाराचे गृहीत याच्या नेमके उलट आहे. तिथे विकणारा आणि घेणारा एकमेकांना ओळखत नाहीत आणि कोणी कोणाची संमती घेत नाही. कंपनीचा भागधारक समभागाच्या रकमेपलीकडे जबाबदार नसतो, म्हणूनच त्याला अनोळखी राहणे परवडते. महाराष्ट्रातील मोठ्या उद्योगांनी हा उंबरठा ओलांडलेला दिसतो. बेळगावात १८८८ मध्ये सायकलींच्या दुकानापासून सुरू झालेला किर्लोस्कर बंधूंचा व्यवसाय १९२० मध्ये मर्यादित कंपनी झाला. मुंबईत दोन डॅनिश अभियंत्यांनी १९३८ मध्ये भागीदारीत सुरू केलेली लार्सन अँड टुब्रो १९४६ मध्ये खासगी कंपनी आणि १९५० मध्ये सार्वजनिक कंपनी झाली. भागीदारी हीच बाजारात गेली, असे या दोन्ही ठिकाणी झालेले नाही. आधी तिचे रूप बदलले, मग ती बाजारात गेली.

अमेरिकेतील अपवाद

अमेरिकेत मात्र काही काळ हे दोन्ही एकत्र आले. तेथील करपद्धतीत भागीदारी स्वतः आयकर भरत नाही. प्रत्येक भागीदार आपल्या वाट्यावर कर भरतो, मग तो वाटा हाती आलेला असो वा नसो. कंपनीच्या नफ्यावर मात्र आधी कंपनी आणि नंतर लाभांशावर भागधारक, असा दोनदा कर बसतो. तेथे 'मर्यादित भागीदार' हा प्रकारही होता. असा भागीदार फक्त पैसे घालतो, कारभार पाहत नाही आणि घातलेल्या रकमेपलीकडे जबाबदार नसतो. त्याचा हिस्सा 'युनिट' म्हणून बाजारात विकणे त्यामुळे शक्य झाले. १९८१ मध्ये अपाचे पेट्रोलियमने हा मार्ग दाखवला. १९८६ मध्ये तर बॉस्टन सेल्टिक्स हा बास्केटबॉलचा संघही याच रूपात बाजारात आला! कंपनीची सोय आणि भागीदारीचा कर असे दोन्ही लाभ घेता येतात म्हटल्यावर प्रत्येक कंपनी तसेच करू लागेल, अशी भीती सरकारला वाटणे स्वाभाविक होते. १९८७ च्या कायद्याने ही वाट अडवली. ज्या भागीदारीचे हिस्से बाजारात सहज विकले जातात, तिला करापुरते कंपनी मानावे, असे ठरले. मुख्य अपवाद असा : जिचे किमान ९० टक्के उत्पन्न व्याज, लाभांश, स्थावराचे भाडे, खनिज तेल व वायू यांचे उत्खनन किंवा वाहतूक अशा ठरावीक प्रकारांचे असेल, तिला भागीदारीचा कर कायम राहतो. तेलवाहिन्यांचे अनेक व्यवसाय आजही या रूपात आहेत.

पिंपरीत बसून अमेरिकी बाजारात गुंतवणूक करणाऱ्यांनाही या संज्ञेचा अर्थ कळणे आवश्यक आहे. १ जानेवारी २०२३ पासून परदेशी व्यक्तीने अशा भागीदारीचे युनिट विकल्यास, काही अपवाद सोडता, विक्रीच्या एकूण रकमेतून १० टक्के कापले जातात. ही कपात नफ्यावर नसून रकमेवर आहे. विक्रीत तोटा झाला तरीही ती होते.

आपल्याकडील जवळचे रूप

मर्यादित दायित्व भागीदारी, म्हणजे एलएलपी, २००८ च्या अधिनियमाने आली. तिच्यात भागीदाराचे घर सुरक्षित राहते आणि भागीदारांच्या संख्येला मर्यादा नाही. तरीही हिस्सा विकत घेणारा आपोआप भागीदार होत नाही, त्यामुळे बाजाराचे दार बंदच राहते.

अमेरिकी संज्ञेच्या सर्वांत जवळ जाणारी गोष्ट पिंपरी-चिंचवडला लागूनच पाहता येते. हिंजवडीतील एम्बसी टेकझोन, क्वाड्रॉन आणि क्युबिक्स ही कार्यालयीन संकुले एम्बसी ऑफिस पार्क्स रिट या न्यासाची आहेत. एप्रिल २०१९ मध्ये त्याची युनिटे शेअर बाजारात आली. रिट हा न्यास आहे, भागीदारी नव्हे. युनिटधारक एकमेकांचे प्रतिनिधी नसतात. करापुरते मात्र उत्पन्न बऱ्याच अंशी न्यासातून पार होऊन युनिटधारकाकडे पोहोचते. येथेही '९० टक्के' हा आकडा भेटतो, पण त्याचा अर्थ निराळा आहे. अमेरिकेत तो उत्पन्नाच्या प्रकाराविषयी आहे, तर आपल्याकडे वाटपयोग्य रोख रकमेपैकी किती वाटलीच पाहिजे याविषयी. भाषांतर करताना या दोहोंची गल्लत होते. जाता जाता हेही नोंदवा, की या रिटची तेव्हाची सहप्रायोजक ब्लॅकस्टोन ही अमेरिकी संस्था २००७ पासून स्वतः बाजारात विकली जाणारी भागीदारी होती. अमेरिकेत कंपनीकर ३५ वरून २१ टक्क्यांवर आल्यानंतर, १ जुलै २०१९ रोजी तीही कंपनी झाली.

भोसरीच्या पेढीचे काय?

आपली तीन भागीदारांची पेढी वाढली आणि तिला लोकांकडून भांडवल हवे झाले, तर तिला कंपनी व्हावे लागेल. २०१२ पासून लहान कंपन्यांसाठी शेअर बाजारात स्वतंत्र मंचही आहेत. पण रूप बदलले की करही बदलतो. भारतात पेढी स्वतःच ३० टक्के दराने, उपकरासह ३१.२ टक्के, कर भरते आणि भागीदाराला मिळणारा नफ्याचा वाटा करमुक्त असतो. १९९२ च्या वित्त अधिनियमापासून ही पद्धत आहे आणि ती अमेरिकेच्या बरोबर उलट आहे. समजा, वेतन-व्याज वजा जाता करपात्र नफा ५० लाख रुपये आहे. पेढी १५.६० लाख कर भरेल आणि ३४.४० लाख भागीदारांच्या हाती येतील. सवलतीच्या २२ टक्के दराने कंपनीला अधिभार व उपकरासह सुमारे १२.५८ लाख भरावे लागतील. उरलेले ३७.४२ लाख लाभांश म्हणून वाटले आणि घेणारे आधीच सर्वांत वरच्या टप्प्यात असले, तर ३१.२ टक्के कर जाऊन सुमारे २५.७४ लाख उरतील. नफा न वाटता नवे यंत्र घेण्यासाठी ठेवला, तर मात्र कंपनी फायद्यात राहते. ज्याचा घरखर्च नफ्यावर चालतो त्याला पेढी सोयीची आणि ज्याला वाढायचे आहे त्याला कंपनी सोयीची, असे माझे मत आहे.

रूपांतरावर भांडवली नफ्याचा कर टाळायचा असेल, तर सर्व मालमत्ता व देणी कंपनीकडे जावी लागतात. सर्व भागीदारांना त्यांच्या भांडवली खात्याच्या प्रमाणात समभाग मिळावे लागतात. समभागांखेरीज दुसरा मोबदला चालत नाही. शिवाय पाच वर्षे किमान ५० टक्के मताधिकार त्यांच्याकडेच राहावा लागतो. म्हणजे घाईने सगळे विकून मोकळे होण्याची सोय नाही. (१ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम, २०२५ लागू होत असल्याने जुन्या कलमांचे क्रमांक बदलतात, म्हणून येथे आयकराची कलमे दिलेली नाहीत.)

कृती : तुमच्या परिचयातील एखाद्या पेढीचे भागीदारीपत्र, भागीदारांच्या परवानगीने, वाचा. भागीदाराच्या मृत्यूनंतर पेढी चालू राहील की विसर्जित होईल, आणि वारसांना काय मिळेल, हे सांगणारे कलम त्यात शोधा. ते सापडल्यास सोप्या मराठीत पुन्हा लिहा. न सापडल्यास, १९३२ च्या अधिनियमानुसार त्या पेढीचे काय होईल, हे १५० शब्दांत स्पष्ट करा.