नवखेपणाची पस्तीस वर्षं

तालुक्याला सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत निघते तेव्हा चिठ्ठ्या संपायच्या आत बातमी फोनवरून गावात पोचलेली असते. ‘आपलं गाव महिलेला सुटलं.’ त्यामागोमाग ठरलेली कुरकुर येते: ‘आता कारभार कसा व्हायचा? बाईला अनुभव काय?’ पंचायतीच्या बातम्या देण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. हा प्रश्न मी दर सोडतीला ऐकत आले आहे.

त्याचं पहिलं उत्तर कायद्याच्याही आधी मिळालं होतं. १९८६ साली चांदवडच्या अधिवेशनानंतर शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीने पंचायतीला अख्खं पॅनल बायकांचं उभं करायचा विचार धरला. १९८९ मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरला, यवतमाळच्या मेटीखेड्याला अशी पॅनलं निवडून आली. कारभार कधी न पाहिलेल्या बायका होत्या त्या. १९९० साली राज्याने तीस टक्के जागा राखल्या, १९९३ मध्ये त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती लागू झाली आणि तो हिस्सा देशभर किमान एक तृतीयांश झाला. २०११ मध्ये महाराष्ट्राने तो निम्म्यावर नेला.

याच काळात, १९८९ साली, हिवरे बाजारने पोपटराव पवार या एम.कॉम. झालेल्या, क्रिकेट खेळणाऱ्या तरुणाला सरपंच केलं. तेही राजकारणात नवखेच होते. तिथे गावाने शिक्षण पाहिलं, उमेद पाहिली, आणि पुढचं सगळ्यांना माहीत आहे. नवखेपणा खटकतो तो माणूस बघून, असं माझं पक्कं मत झालं आहे.

एक मासिक सभा मला विसरता येत नाही. सरपंचबाई निवडून येऊन महिनाही झाला नव्हता. शेजारच्या खुर्चीत मालक बसलेले. ग्रामसेवकाने बिलांची फाइल पुढे सरकवली आणि सहीची जागा बोटाने दाखवली. बाईंनी पेन उचललं आणि खाली ठेवलं. ‘आधी वाचून दाखवा.’ तिसरं बिल हातपंपाच्या दुरुस्तीचं निघालं. ‘कुठला हातपंप?’ ‘मारुतीच्या देवळामागचा.’ ‘त्याला दांडाच नाही, भाऊ. दुरुस्त झाला असता तर मी दोन हंडे घेऊन विहिरीवर गेले असते का?’ सभेत कोणी बोललं नाही. मालकांनी मान खाली घातली. ते बिल त्या दिवशी मंजूर झालं नाही. बाई सातवी शिकलेल्या, पण बचत गटाचा हिशेब सहा वर्षं त्यांच्याकडे होता. अनुभवाच्या रकान्यात ही सहा वर्षं कोणी धरली नव्हती.

सगळीकडे असं झालं नाही, हेही लिहिलंच पाहिजे. कित्येक ठिकाणी सही बाईची आणि कारभार सरपंचपतीचा. कोऱ्या चेकवर सह्या झाल्या. चौकशी लागली तेव्हा नोटीस बाईच्या नावाने आली, वसुलीही तिच्यावर निघाली. ग्रामपंचायतीच्या दप्तरातले नमुना १ ते ३३ म्हणजे काय हे तिला कोणी बसून समजावलं नव्हतं. नवखेपणाची किंमत खरी असते, आणि ती तिनेच मोजली. तिला न शिकवणाऱ्यांना कोणी जाब विचारला नाही.

मग उपाय म्हणून शाळेचा दाखला पुढे आला. हरियाणाने पंचायतीसाठी शिक्षणाची अट घातली आणि डिसेंबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. राजस्थानने अशीच अट आणली, २०१९ मध्ये मागे घेतली. ज्यांना शाळेत धाडलं नाही त्यांनाच दारातून परत पाठवायचं, हा न्याय मला मान्य नाही.

बाई प्रमुख झाल्याने काय बदलतं, हे तपासूनही पाहिलं गेलं आहे. अभिजित बॅनर्जी यांच्यासोबत २०१९ साली नोबेल मिळालेल्या एस्थर डफ्लो यांनी राघबेंद्र चट्टोपाध्याय यांच्याबरोबर पश्चिम बंगाल आणि राजस्थानातल्या पंचायती तपासल्या होत्या. राखीव जागेवर बाई प्रमुख होती तिथे पिण्याच्या पाण्यावर जास्त काम झालं. बंगालमधल्या पुढच्या अभ्यासात दिसलं की लागोपाठ दोनदा बाईचा कारभार पाहिलेल्या गावांत नंतर खुल्या जागांवरही बायका जास्त उभ्या राहिल्या, जिंकल्याही. लोकांना सवय व्हायला दोन खेपा लागल्या.

आपल्याकडे मात्र सोडत फिरते. पाच वर्षांत बाई दप्तर वाचायला शिकते, पंचायत समितीत कोणत्या टेबलावर कागद अडतो ते ओळखते, आणि तेवढ्यात आरक्षण बदलतं. त्या हातपंपाच्या सरपंचबाईंचं हेच झालं. जागा खुली झाली आणि कोणत्याच पॅनलने त्यांना विचारलं नाही. ‘खुली’ म्हणजे पुरुषाची, असं कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही. पुढच्या निवडणुकीत तुमच्या गावात पॅनल ठरवायला बसाल तेव्हा पाच वर्षं खुर्ची सांभाळलेल्या बाईच्या घरी आधी जा, आणि तिला सर्वसाधारण जागेवर उभं करा.