सदुसष्ट अंशांचा कारभार

पिलाजी जाधवरावांच्या समाधीमुळे इतिहासाच्या अभ्यासकांना आणि दगडाच्या खाणींमुळे ठेकेदारांना ठाऊक असलेले आमचे वाघोली गाव ज्या वर्षी ग्रामपंचायतीच्या दफ्तरातून निघून पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत गेले, त्याच २०२१ सालच्या डिसेंबरात, सेवानिवृत्तीच्या रिकामपणास काही तरी चाकरी लावावी या हेतूने, मी दोन किलो मोड आणून वाळवलेला सातू भरडला आणि सहा लिटर ऊन पाण्यात कालवून एक तासभर सदुसष्ट अंश सेल्सिअसवर राखण्याचा संकल्प सोडला.

अबकारी खात्याची मर्जी सांभाळण्यासाठी एक खुलासा येथेच केलेला बरा. १९४९ च्या दारूबंदी कायद्याच्या अमलात परवान्यावाचून घरी बीअर करता येत नाही. पुण्यात २००९ साली डूलाली या बीअरगृहाने जे रीतसर सुरू केले, ते स्वयंपाकघरात करण्याची मुभा गृहस्थास नाही. सबब माझा कारभार यीस्टच्या उंबरठ्याशी थांबतो. बीअर करणारा ज्या गोड रसात यीस्ट सोडतो, तोच रस मी आटवून काकवीसारखा दाट करतो आणि दुधात घालून नातवास पाजतो. परंतु त्या उंबरठ्यापर्यंतची वाट दोघांची एकच, आणि तीवरील खाचखळगेही तेच.

खाचखळगा असा की मोडाच्या दाण्यात पिष्टाची शर्करा करणारी जी विकरे असतात (पेयाँ आणि पेर्सो या फ्रेंच रसायनज्ञांनी १८३३ साली माल्टपासून वेगळे काढून ज्याला ‘डायस्टेज’ म्हटले, तेच हे सामर्थ्य), त्यांतील एकास साठ ते पासष्ट अंशांची ऊब मानवते आणि दुसऱ्यास सत्तरच्या आसपासची. ऊब खालच्या बाजूस राहिली तर रस पातळ व गोड होतो, वर गेली तर दाट व कमी गोड. आणि ऐंशीच्या घरात गेली तर दोन्ही विकरे कामावरून कायमची उठतात.

पहिला हिवाळा मी गॅसच्या भरवशावर काढला. मंद आच ठेवली की तळ चौऱ्याहत्तरवर जाई आणि वरचा थर साठाखाली राही. ढवळले की दोन्ही बिघडत. आणि तासाभराने आयोडीनचा थेंब बशीतील रसावर टाकला की पिष्ट जसेच्या तसे शिल्लक असल्याची ग्वाही देणारा काळानिळा डाग उमटे. मोठ्या कारखान्यातील शेकडो लिटरांचा ऐवज स्वतःची ऊब स्वतःच धरून ठेवतो. आठ लिटरांच्या पातेल्यास आकारमानाच्या मानाने अंग फार, म्हणून त्यातून चहूकडून उष्णता गळते, ही गोष्ट मला फार उशिरा उमगली.

दुसऱ्या हिवाळ्यात मासळीवाल्याकडून थर्माकोलची पेटी आणली. हिशेब कागदावर निर्दोष होता: दाणे पंचवीस अंशांचे, पाणी त्यांच्या तिप्पट, तर पाणी त्र्याहत्तर अंशांचे घ्यावे, पहाटे दाणे पंधरावर उतरले असतील तर चौऱ्याहत्तरचे. तरीही मॅश, म्हणजे ऊन पाण्यात कालवलेले ते भरडलेले दाणे, बासष्टवर येऊन बसे. चोरी कोण करतो याचा छडा लागण्यास महिना गेला. चोर म्हणजे थंडगार पातेले स्वतःच! आधी उकळते पाणी घालून ते दहा मिनिटे तापवावे आणि मग रिकामे करावे, इतकाच त्यावर तोडगा.

तापमापक नव्हता तेव्हा हे कसे जमत असावे, हा प्रश्न मला त्या महिन्यात फार छळत असे. लंडनच्या मायकेल कॉम्ब्रूनने १७६२ च्या आपल्या ग्रंथात मद्यकारांना तापमापकाची शिफारस केली. पण मध्य युरोपातील जुन्या कारागिरांनी त्यावाचूनच युक्ती काढली होती. मॅशचा एक हिस्सा काढून उकळायचा आणि परत ओतायचा. आमच्याकडे, समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांवर, पाणी अठ्ठ्याण्णव अंशांस उकळते. पन्नास अंशांवरील मॅशचा तिसरा हिस्सा उकळून परत घातला की सारे सहासष्टवर येते. तिसऱ्या हिवाळ्यात मी हे करून पाहिले आणि आकडा इतका अचूक आला की मला तापमापकाचीच थोडी कीव आली.

त्यानंतर सुधारणा अशी फारशी झालीच नाही. थर्माकोलची पेटी चुरा सांडू लागल्याने गेली; तिच्या जागी आईच्या हातची गोधडी आली. तीत पातेले गुंडाळून मी दर दहा मिनिटांनी झाकण उघडून पाहत असे, तेव्हा सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, विरजण लावून भांडे गव्हाच्या कोठीत ठेवते, ते मी रात्रीतून किती वेळा उघडून बघते?” त्या दिवसापासून झाकण तासभर मिटलेले असते. परवा गोधडी सोडली तेव्हा पारा पासष्टवर होता. बशीतील आयोडीन पिवळट तांबूसच राहिले. आणि गोधडीस भिजल्या सातूचा असा काही वास लागला होता की ती धुण्यास टाकावी की नाही यावर घरात अद्याप एकमत झालेले नाही.