केसपेपरवरील तीन नवे प्रश्न

रुग्णालयात नाव नोंदविताना ‘मूळ गाव कोणते?’, ‘येथे केव्हा आलात?’ आणि ‘परत केव्हा जाणार?’ असे तीन प्रश्न हल्ली विचारले जातात. औषधोपचाराशी यांचा काय संबंध, अशी पृच्छा काही रुग्णांच्या नातेवाइकांनी आणि एका देणगीदार स्नेह्यांनीही केली. ती रास्तच आहे. म्हणून हे टिपण.

आमचे रुग्णालय उसाच्या पट्ट्यात आहे. दिवाळीच्या सुमारास गळीत हंगाम सुरू झाला, की बीड व आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या येतात, मोकळ्या रानात कोप्या उभ्या राहतात आणि कारखान्याचा पट्टा पडला, की काही दिवसांतच तळ ओस पडतो. क्षयरोगाचा नेहमीचा औषधोपचार मात्र सहा महिन्यांचा. जानेवारीत निदान झालेला रुग्ण एप्रिलमध्ये येईनासा होई आणि आमच्या वहीत त्याच्या नावापुढे ‘उपचार सोडले’ असा शेरा पडे. हा शेरा अन्यायाचा होता, हे आम्ही मान्य करतो. त्याचे बिऱ्हाड हलले होते आणि ते हलणार का, हे आम्ही विचारलेच नव्हते.

अशी माणसे मोठ्या गणतींतूनही निसटतात. २०११ च्या जनगणनेनुसार देशात ४५ कोटींहून अधिक लोक स्थलांतरित आहेत. त्यांत लग्न होऊन सासरी गेलेल्या स्त्रियांचा वाटा फार मोठा आहे. म्हणजे आपल्या घरोघरच्या सुनाही जनगणनेच्या लेखी स्थलांतरितच! हंगामी ये-जा करणाऱ्यांचे चित्र दहा वर्षांतून एकदा होणाऱ्या मोजणीत नीट उमटत नाही. २००७-०८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीने अशांची वेगळी नोंद घेतली. पण तिची व्याख्या रोजगारासाठी एक महिना ते सहा महिन्यांहून कमी काळ बाहेर राहणाऱ्यांपुरती होती. हंगाम लांबला, की ऊसतोड कामगार याही व्याख्येबाहेर जातो.

नेमकी मोजणी केली म्हणजे काय उघडकीस येते, हे बीडने दाखविले. ऊसतोडणीत नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरतात. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते आणि एक खाडा पडला तरी दंड बसतो. तेथे पाळीचा त्रास किंवा अंगावरून जाणे हेही परवडत नाही. या स्त्रियांची गर्भाशये मोठ्या संख्येने काढली जात असल्याच्या तक्रारी आल्यावर २०१९ मध्ये राज्य शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यात पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. सहा जणींमागे एक! २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमध्ये हेच प्रमाण देशभरात ३.२ टक्के होते. दोन्हींकडील वयोगट तंतोतंत सारखे नसले, तरी एवढी तफावत वयाने भरून निघणारी नाही.

या घटनेने आम्हांलाही अंतर्मुख केले. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांसमोर एका वेळी एकच स्त्री असते. तिच्या कागदावर वय, तक्रार, सोनोग्राफीचा अहवाल असतो. ती वर्षाचा अर्धा भाग कोणत्या रानात आणि कोणत्या अटींवर राबते, याला कागदावर जागाच नसते. मग शंभर कागद एकत्र ठेवले तरी त्यांतून काहीच दिसत नाही.

आमच्या तीन प्रश्नांचा उपयोग याहून साधा आहे. पट्टा पडण्यापूर्वी, क्षयरोगाची औषधे चालू असलेल्यांची यादी काढून त्यांची नोंद ‘निक्षय’ या शासकीय संगणक प्रणालीवर मूळ गावच्या आरोग्य केंद्राकडे वर्ग करता येते. गरोदर माता व बालकांच्या लसीकरणाचे कार्ड भरून सोबत देता येते.

ही माहिती मुकादमास वा कारखान्यास कदापि दिली जात नाही. तरीही काही जण गावाचे नाव सांगताना अडखळतात. उचल फिटलेली नसली, की माणसाला आपला ठावठिकाणा सांगण्याचेही भय वाटते. अशा वेळी रकाना कोरा ठेवावा, पुन्हा विचारू नये, अशी सूचना नोंदणी कक्षास दिलेली आहे.