रानातली औषधं (भाग ७) : साखरेचा काढा आणि लांबलेला पाळणा

पाऊस ओसरला की परंड्याच्या माळावर तरवड पिवळाधमक फुलतो. नवरात्रात घटाला याच फुलांची माळ चढते, आणि ‘साखरेवर उतारा’ म्हणून त्यांचा काढाही घेतला जातो. साखर उतरवणाऱ्या वनस्पती मागच्या भागात पाहिल्या. मूल हवं असलेल्या जोडप्यानं हे काढे घ्यावेत का, हा प्रश्न मात्र कुणी सहसा विचारत नाही.

वाढलेली साखर नसा आणि बारीक रक्तवाहिन्या बिघडवते. पुरुषाची ताठरता कमी होते, कधी वीर्य उलटं मूत्राशयात जातं, शुक्रजंतूंमधला डीएनए तुटतो. बाईची पाळी पुढेमागे होते. गर्भाचं हृदय आणि मणका पहिल्या ८ आठवड्यांतच घडू लागतात. तोवर दिवस गेल्याचं अनेकींच्या लक्षातही आलेलं नसतं. म्हणून साखर आधीपासूनच आटोक्यात हवी. आणि आपल्याकडे दवाखान्याच्या पायऱ्या झिजवते ती बायकोच; नवऱ्याची साखर कुणी तपासत नाही. हा सरळ अन्याय आहे.

तरवडाच्या फुलांच्या अर्कानं मधुमेही उंदरांची साखर उतरल्याचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. पण त्या उंदरांना मधुमेह जडवला होता तो स्वादुपिंडातल्या पेशी मारणारं रसायन टोचून. आपल्याकडच्या बहुतेक रुग्णांचा आजार वर्षानुवर्षं हळूहळू वाढलेला असतो. उंदरावरचा गुण माणसावर तसाच येईल, असं धरून चालता येत नाही.

दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. साखरेसाठी लोक कडुनिंब आणि कारलं हमखास घेतात. कडुनिंबावर दिल्लीच्या राष्ट्रीय प्रतिरक्षाविज्ञान संस्थेत संशोधन झालं, ते गर्भनिरोधक म्हणून! कारल्याच्या अर्कानं कुत्र्यांमधली शुक्रजंतूंची निर्मिती खुंटल्याचं १९७८ साली नोंदवलं गेलं. ताटातल्या कारल्याच्या भाजीला भिण्याचं कारण नाही. रोज उपाशीपोटी घेतलेला घट्ट अर्क ही वेगळी गोष्ट आहे.

वनस्पतीतून औषध मिळतच नाही, असं मुळीच नाही. मधुमेहावरच्या मेटफॉर्मिन या गोळीचं मूळ युरोपातल्या गॅलेगा नावाच्या झुडपात आहे. त्यातल्या द्रव्यांवरून रसायन सिद्ध झालं १९२२ मध्ये आणि ते मधुमेही रुग्णांना देण्याचा अनुभव प्रसिद्ध झाला १९५७ मध्ये. मात्रा आणि धोका तपासण्याचं हे काम आपल्या तरवडावर व्हायचं आहे. ते व्हावं, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

तोवर पाळण्याची वाट पाहणाऱ्यांनी अर्क, काढे बंद ठेवावेत आणि आजवर काय घेतलं ते डॉक्टरांना मोकळेपणानं सांगावं. गोळी किंवा इन्सुलिन मनानं सोडू नये. गोळीवर काढा घेतला तर साखर एकदम खाली जाऊ शकते. दिवस जाण्याआधी बाईची तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, शक्यतो ६.५ टक्क्यांच्या खाली आणावी. शुक्रजंतू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात. त्यामुळे साखर ताब्यात आल्यावर तीन महिन्यांनी नवऱ्याची वीर्यतपासणी पुन्हा करावी. पहिली तपासणी मात्र आजच, आणि दोघांचीही करा.