आलेख वर गेला, पण मत नेमकं कोणाचं बदललं?

गेल्या काही महिन्यांत एकाच साच्याचे बरेच मेल आले. "ताई, स्टीमवरचे दोन लाख रिव्ह्यू उतरवून घेतलेत. गेमर्सची मोठ्या पब्लिशर कंपन्यांबद्दलची मतं कशी बदलली, यावर काम करायचंय. सेंटिमेंटसाठी कुठलं मॉडेल वापरू?"

विषय छान आहे, डेटा फुकट आहे, आणि आपल्यापैकी निम्मे जण तसेही रात्री दोनपर्यंत गेम खेळत असतात. पण मॉडेलचा प्रश्न रांगेत बराच मागे उभा आहे. त्याच्या आधीचा प्रश्न मी स्वतः विचारला नाही आणि त्यात माझे चार महिने गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून हे लिहितेय.

सुरुवात एका जुन्या किश्श्याने करू. 'कन्झ्युमरिस्ट' ही अमेरिकेतली ग्राहकहिताची वेबसाइट दरवर्षी 'सर्वांत वाईट कंपनी' निवडायला वाचकांची मतं घ्यायची. २०१२ मध्ये हा मान इलेक्ट्रॉनिक आर्ट्सला, म्हणजे ईएला मिळाला. २०१३ मध्ये पुन्हा ईएच. दोन्ही वेळा अंतिम फेरीत हरली बँक ऑफ अमेरिका. २००८ च्या गृहकर्जाच्या संकटात लोकांची घरं गेली, त्याला जेमतेम चार-पाच वर्षं झाली होती. तरी लोकांना बँकेपेक्षा फुटबॉलचे गेम विकणारी कंपनी जास्त वाईट वाटली? तसं नाही. ऑनलाइन मतदानाला कोण धावून येतं, ते त्या निकालात दिसलं. गेमर्स तिथे होते आणि संघटित होते. घर गमावलेला माणूस त्या वेबसाइटवर बटण दाबत बसला नव्हता.

असंच २०१७ च्या नोव्हेंबरात झालं. 'स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २' मध्ये डार्थ व्हेडर हे पात्र खुलं करायला ६०,००० क्रेडिट्स लागत होते. त्यावर ईएने रेडिटवर दिलेल्या एका उत्तराला साडेसहा लाखांहून जास्त डाउनव्होट पडले. गेम अधिकृतपणे बाजारात यायला तेव्हा पाच दिवस बाकी होते! डाउनव्होट द्यायला गेम विकत घ्यावा लागत नाही, खेळावाही लागत नाही. म्हणून तो आकडा बिनकामाचा ठरत नाही (ईएने गेममधली पैसे भरून होणारी खरेदी प्रकाशनाच्या आदल्या दिवशी थांबवली, म्हणजे आवाज पोचला होता), पण तो 'ग्राहकांचं मत' मोजत नाही. आणि २०२१ च्या जानेवारीत हाच गेम एपिक स्टोअरवर आठवडाभर फुकट होता, तेव्हा १ कोटी ९० लाखांहून जास्त प्रती उचलल्या गेल्या. आता सांगा, मत सुधारलं का? की ही माणसंच वेगळी होती?

हाच तो रांगेत पहिला असलेला प्रश्न: ही तीच माणसं आहेत का?

मी 'सायबरपंक २०७७' घेतला होता. सीडी प्रोजेक्ट ही पोलंडची कंपनी २०१५ च्या 'विचर ३' नंतर गेमर्सची लाडकी होती. १६ छोट्या भर फुकट दिल्या, कॉपी-संरक्षणाचा जाच नाही, वगैरे. मग १० डिसेंबर २०२० ला 'सायबरपंक' आला आणि जुन्या कन्सोल्सवर अक्षरशः कोसळला. आठवड्याभरात सोनीने तो प्लेस्टेशन स्टोअरवरून काढला आणि पैसे परत दिले. पुढे दुरुस्त्या होत गेल्या. सप्टेंबर २०२३ मध्ये २.० अपडेट आणि 'फँटम लिबर्टी' आल्यावर सगळीकडे कौतुक. माझा आलेख सुंदर दिसत होता: आधी खाली, मग हळूहळू वर. शीर्षकही ठरलं होतं, 'विश्वासाचं पुनरुज्जीवन'. मॅडमनी आलेख पाहिला आणि एवढंच विचारलं, "खाली असताना जे बोलत होते, तेच वर असताना बोलतायत का गं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. कारण माझा डेटा स्टीमचा, म्हणजे कॉम्प्युटरवर खेळणाऱ्यांचा. सर्वांत जास्त फसवणूक झाली ती प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनवाल्यांची, आणि ते माझ्या फाइलमध्ये नव्हतेच. प्रकाशनाआधी समीक्षकांनाही कॉम्प्युटरचीच प्रत मिळाली होती, कन्सोलची नाही. वर २०२३ मध्ये लिहिणाऱ्यांपैकी कित्येकांनी गेम सेलमध्ये, दुरुस्त झाल्यावर घेतला असणार. त्यांच्या मनातला विश्वास कधी तुटलाच नव्हता, तर पुनरुज्जीवन कशाचं?

गणित साधं आहे, कागदावर करून बघा. समजा १०० जण लिहितायत: ४० खूश, ६० नाराज. त्या ६० जणांनी गेम अनइन्स्टॉल केला आणि पुन्हा तोंड उघडलं नाही. त्यांच्या जागी ६० नवे आले, त्यातले ५० खूश. आलेख ४० टक्क्यांवरून ९० टक्क्यांवर गेला. मत बदललेली माणसं किती? शून्य. याला रचनेतला बदल म्हणतात. लोकसंख्याशास्त्र शिकलेल्यांना तो पाठ असतो, आमच्यासारख्या कोड लिहिणाऱ्यांना बऱ्याचदा नसतो.

अर्थशास्त्रज्ञ अल्बर्ट हिर्शमन यांचं १९७० चं 'एक्झिट, व्हॉइस अँड लॉयल्टी' हे छोटं पुस्तक इथे फार कामाला येतं. नाराज ग्राहक एकतर निघून जातो, नाहीतर आवाज उठवतो. आपल्या डेटात फक्त आवाज येतो, निघून गेलेला दिसत नाही. म्हणून राग शांत झालाय आणि रागावलेले सगळे गेलेत, या दोन्हींचा आलेख अगदी सारखा येऊ शकतो. पब्लिशरसाठी मात्र यातली एक बातमी चांगली आणि दुसरी फार वाईट.

आता एक तांत्रिक खड्डा. स्टीमवर एका गेमला एका खात्याचा एकच रिव्ह्यू असतो आणि तो बदलता येतो. मे २०२४ मध्ये सोनीने 'हेलडायव्हर्स २' च्या कॉम्प्युटरवरच्या खेळाडूंना पीएसएन खातं जोडणं सक्तीचं करणार असं जाहीर केलं. अनेक देशांत पीएसएनच नाही (भारतात आहे, म्हणून आपल्याकडे झळ कमी). दोन-तीन दिवसांत दोन लाखांहून जास्त नकारात्मक रिव्ह्यू पडले, सोनीने माघार घेतली, आणि मग अनेकांनी अंगठा पुन्हा वर केला. या माणसांनी चार दिवसांत दोनदा कौल फिरवला. पण आज डेटा उतरवलात तर तुम्हाला शेवटचाच अंगठा दिसेल. लिहिल्याची आणि बदलल्याची अशा दोन तारखा मिळतात, मधला मजकूर पुसला गेलेला असतो. बरं, त्यातल्या बऱ्याच रिव्ह्यूंमध्ये गेमची आणि तो बनवणाऱ्या ॲरोहेडची स्तुतीच होती, राग होता पब्लिशरवर, सोनीवर. अंगठा मात्र गेमच्या नावावर पडतो. तुमचं मॉडेल त्याला काय समजणार?

आणखी एक. 'विषयबाह्य' ठरवलेले रिव्ह्यू स्टीमच्या एपीआयमधून आपोआप गाळले जातात. ते हवे असतील तर तसं स्पष्ट मागावं लागतं. पब्लिशरवरचा राग बघायला निघालात आणि रागाचेच दिवस फाइलमधून गायब, असं होऊ शकतं. कागदपत्रं वाचा, मी वाचली नव्हती.

मग करायचं काय? तुमचे दोन लाख रिव्ह्यू टाकून देऊ नका. प्रत्येकासोबत खात्याचा आयडी येतो (प्रबंधात तो झाकायचा, नैतिकता समितीला आधी विचारायचं). त्यावरून एकाच कंपनीच्या दोन गेम्सवर लिहिलेली माणसं वेगळी काढा. संख्या धडाधड कमी होईल, दोन लाखांचे काही हजार राहतील, पोटात गोळा येईल. पण बदललेल्या मताबद्दल काही बोलायचा अधिकार त्या काही हजारांवरच मिळतो. रिव्ह्यू लिहिताना किती तास खेळून झाले होते आणि आतापर्यंत किती झाले, हे दोन्ही आकडे असतात. शिव्या घालून पुढे तीनशे तास खेळणारा माणूस त्यात सापडतो, आणि माझ्या मते या विषयातला सर्वांत मजेदार माणूस तोच. पुढचा डेटा एकदाच न घेता दर आठवड्याला घ्या, म्हणजे पुसलेला मजकूर तुमच्याकडे राहील. आमच्या लॅबमधल्या एका जुन्या डबड्यावर दर रविवारी रात्री ती स्क्रिप्ट चालते.

राहता राहिला मॉडेलचा प्रश्न. आधी पाचशे रिव्ह्यू स्वतः वाचा आणि प्रत्येकापुढे हाताने लिहा: राग गेमवर, स्टुडिओवर, की पब्लिशरवर. मला अकरा दिवस लागले. झाले की मेल करा, मग मॉडेलचं बोलू.